शिकाऊ उमेदवारी योजना : उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्याने घ्यावी का?

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेबद्दल, म्हणजे सगळे जिला नुसते ‘नॅप्स’ म्हणतात तिच्याबद्दल, बेळगावच्या औद्योगिक वसाहतींत साधारण दोन मते ऐकू येतात. पहिले, ‘स्वस्तात पोरं मिळतात, घेऊन टाका’. दुसरे, ‘सरकारी कागदांची कटकट कशाला मागे लावून घ्यायची?’ उद्यमबागेतील एका मशीन शॉपचा हिशेब आणि कर्मचारी विभाग मी सांभाळतो. आसपासच्या फाउंड्र्यांतून (ओतकामाच्या कारखान्यांतून) आलेले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, लेथवर आणि सीएनसी, व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काढून देणे हा आमचा धंदा, आणि तपासणी विभाग धरून सर्व ठिकाणी आम्ही शिकाऊ उमेदवार घेत आलो आहोत. वरील दोन्ही मते अर्धवट आहेत, असे मला वाटते. ही योजना म्हणजे सरकारने मालकाला देऊ केलेली एक सेवा आहे, आणि कोणत्याही सेवेप्रमाणे तिची किंमत काय, तीत मिळते काय आणि खाचाखोचा कोठे आहेत, हे पाहूनच तिच्याविषयी मत बनवायला हवे.

योजनेचा पाया १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. योजना स्वतः २०१६ च्या ऑगस्टमध्ये आली आणि पुढे तिचा दुसरा टप्पा आला. कायद्यात २०१४ साली आणि नियमांत २०१९ साली जे बदल झाले, ते बहुतेक कारखानदारांपर्यंत नीट पोहोचलेले नाहीत. चारपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेता येत नाहीत. चार ते एकोणतीस माणसे असतील तर घेणे ऐच्छिक आहे. आणि तीस किंवा त्याहून अधिक माणसे असतील तर ते सक्तीचे आहे. संख्या किती ठेवावी याची मर्यादा एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे चाळीस माणसांच्या कारखान्यात किमान एक आणि कमाल सहा. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते : ही मोजणी करताना कंत्राटी कामगारही धरले जातात. ‘आमच्या हजेरीपटावर पंचवीसच आहेत, बाकीचे कंत्राटदाराचे’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद येथे चालत नाही. शिकाऊ उमेदवार कमी पडल्यास दंड आहे. पहिल्या तीन महिन्यांपर्यंत दर उमेदवार-महिन्यामागे ५०० रुपये आणि त्यानंतर १,००० रुपये. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी कायद्यात कैदेचीही तरतूद होती, ती काढून टाकण्यात आली.

आता पैशाचा भाग. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन शिक्षणावर ठरते : पाचवी ते नववी झालेल्यांना ५,००० रुपये, दहावी झालेल्यांना ६,०००, बारावी किंवा आयटीआय झालेल्यांना ७,०००, पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना ९,००० रुपये. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ धरायची असते. यातील २५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलते, असे योजनेच्या प्रत्येक पत्रकावर लिहिलेले असते, आणि मालक तेवढेच वाचून खूश होतो. पुढची ओळ मात्र तितक्याच लक्षपूर्वक वाचायला हवी, कारण सरकारी वाट्याला दरमहा १,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. सहा हजारांच्या विद्यावेतनावर २५ टक्के म्हणजे बरोबर १,५०० होतात. त्याच्या वर गेलात की टक्का घसरायला लागतो. आयटीआय झालेल्या मुलाच्या ७,००० रुपयांत सरकारचा वाटा सुमारे २१ टक्के उरतो, आणि पदवीधराच्या ९,००० रुपयांत तो १७ टक्क्यांच्याही खाली येतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे आपल्या भागातले नेहमीचे उमेदवार आयटीआयचेच असतात, त्यामुळे मालकाच्या खिशातून दर मुलामागे महिन्याला ५,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६६,००० रुपये जाणार, हे धरूनच बसावे.

२०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ५,००० ते ९,००० ही पट्टी ६,८०० ते १२,३०० रुपये करावी, अशी शिफारस केली. करार करताना त्या दिवशी लागू असलेला दर योजनेच्या सरकारी पोर्टलवर पाहूनच आकडा भरावा. वाढ मुलांच्या दृष्टीने रास्तच आहे, यात शंका नाही; तालुक्याच्या गावातून रोज ये-जा करणाऱ्या मुलाला सात हजारांत काय भागते, हे आपण सगळे जाणतो. पण १,५०० ची मर्यादा तशीच राहिली तर सगळ्यात खालच्या पायरीवरसुद्धा पूर्ण २५ टक्के मिळणार नाहीत आणि वाढीचा जवळपास सगळा भार मालकावरच येईल. योजनेतली माझ्या मते सर्वांत मोठी उणीव हीच आहे : विद्यावेतनाची पट्टी आणि सरकारी वाट्याची मर्यादा या एकमेकींशी बांधलेल्या नाहीत.

पदविका किंवा पदवी झालेल्या उमेदवारांसाठी मात्र दुसरे दार आहे, आणि ते ठोठावणारे आपल्याकडे फार थोडे. शिक्षण मंत्रालयाची ‘नॅट्स’ ही वेगळी योजना आहे. तिच्यात सरकार किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा उचलते, म्हणजे पदविकाधारकाच्या ८,००० रुपयांपैकी ४,००० आणि अभियंत्याच्या ९,००० पैकी ४,५००. तोच पदविकाधारक नॅप्सखाली घेतला तर मालकाला ६,५०० रुपये पडतात आणि नॅट्सखाली ४,०००. महिन्याला अडीच हजारांचा, वर्षाला तीस हजारांचा फरक. उद्यमबागेतच गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्र आहे, शहराबाहेर विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलांची वानवा येथे नाही. नॅट्सचा कारभार मात्र विभागीय मंडळांकडे असतो आणि कर्नाटक चेन्नईच्या दक्षिण विभागीय मंडळाखाली येते, मुंबईच्या नव्हे. कोल्हापूरच्या परिचित कारखानदाराने सांगितलेली कार्यालये आणि संपर्क आपल्या उपयोगाचे नाहीत, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुष्कळ पत्रव्यवहार वाचतो.

सीमेचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करून टाकू. शिकाऊ उमेदवार कायदा केंद्राचा असल्याने महाराष्ट्रातील चंदगडच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला उद्यमबागेत घेण्यात कायद्याची कोणतीही अडचण नाही. आस्थापना जेथे आहे तेथे करार नोंदवला जातो. खासगी आस्थापनेसाठी राज्याचा शिकाऊ उमेदवारी सल्लागार हा अधिकारी असतो, आणि चार किंवा अधिक राज्यांत कारभार असलेल्या कंपन्या केंद्राकडे जातात. अडचण येते ती तुलनेची. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि तीत बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय व पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये शासनच देते. बेळगावपासून थोड्याच अंतरावर असलेल्या शिनोळीच्या वसाहतीतील कारखान्यात त्या योजनेतून मुलगा बसला, तर मालकाला विद्यावेतनाचा एक रुपयाही पडत नाही. आमच्याकडे मुलाखतीला आलेले चंदगड भागातील उमेदवार हे आकडे तोंडपाठ सांगतात. त्यांना एवढेच समजावून द्यावे लागते की ते प्रशिक्षण काही महिन्यांचे आहे, तर येथे करार पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर देशभर चालणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. काहींना पटते; काही शिनोळीला जातात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केले असते. इकडच्या मुलांना ती योजना खुली नाही, कारण तिच्यासाठी महाराष्ट्राचे अधिवासी असणे आवश्यक आहे. कर्नाटकातील पदवीधर व पदविकाधारकांना ‘युवा निधी’तून अनुक्रमे ३,००० आणि १,५०० रुपये बेरोजगार भत्ता मिळतो, पण शिकाऊ उमेदवारीचे वेतन घेणाऱ्याला तो घेता येत नाही. ही गोष्ट उमेदवाराला करारापूर्वी स्पष्ट सांगितली नाही, तर नंतर दोष मालकालाच दिला जातो.

आता ज्या मुद्द्यावर एकही पत्रक बोलत नाही, तो घेतो. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) या दोन्हींतून तो वगळलेला असतो. एरवी मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के आणि ईएसआयचा ३.२५ टक्के वाटा येथे वाचतो, म्हणून हिशेबनीस खूश होतात. पण ईएसआय नाही, याचा दुसरा अर्थ असा की मुलाच्या हाताला काही झाले तर ईएसआयचा दवाखाना त्याच्यासाठी नाही. कायद्यात दुखापतीची भरपाई मालकावर आहे, आणि ती नेहमीच्या कामगाराला द्यावी लागते तशीच द्यावी लागते. लेथच्या चकवर, ग्राइंडिंग व्हीलवर किंवा फाउंड्रीत वितळलेल्या धातूच्या लाडलजवळ काम करणाऱ्या नवख्या मुलाच्या बाबतीत ही जोखीम सगळ्यात जास्त, आणि विमा नसेल तर सगळा भार मालकाच्या अंगावर. म्हणून करार नोंदवण्याच्या दिवशीच कामगार नुकसानभरपाईची विमा पॉलिसी घ्यावी किंवा असलेल्या पॉलिसीत शिकाऊ उमेदवारांची नावे स्वतंत्रपणे घालून घ्यावीत. ‘सर्व कामगार’ या शब्दांत ते येतात असे गृहीत धरू नये, कारण कायद्याच्या भाषेत ते कामगार नाहीतच. हप्ता फार नसतो. आमच्या हिशेबात विद्यावेतनाच्या शेजारी तो वेगळ्या रकान्यात दिसतो आणि तो धरल्याशिवाय योजनेचा खर्च मांडला असे मी मानत नाही.

फाउंड्रीचालकांसाठी याला जोडून आणखी एक गोष्ट. सर्वसाधारणपणे शिकाऊ उमेदवाराचे किमान वय चौदा असले तरी धोकादायक उद्योगांतील निर्धारित व्यवसायांसाठी ते अठरा आहे, आणि कायद्यातील धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फाउंड्रीचा समावेश आहे. दहावी नापास झालेला सोळा वर्षांचा शेजारचा मुलगा ‘नुसता वाळू चाळायला’ घेणे म्हणूनच चालणार नाही. वाळूची सिलिका फुप्फुसात जाते, याची जाणीव असलेले मालकही आपल्याकडे आहेत आणि नसलेलेही आहेत.

नोंदणीची प्रक्रिया पोर्टलवर चालते आणि तिला घाबरण्याचे कारण नाही. आस्थापनेची नोंदणी करायची, व्यवसाय व जागा जाहीर करायच्या, उमेदवाराने स्वतःची नोंदणी करून अर्ज करायचा, करार तयार करायचा, उमेदवाराने तो मान्य करायचा आणि मंजुरीला पाठवायचा. काम अडते ते नावांपाशी. आधार कार्डावर मराठी पद्धतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असते. कर्नाटकातील एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर बऱ्याचदा वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर असते. आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर कधी आडनाव आधी येते. त्यातून कन्नड नोंदीवरून इंग्रजीत आलेली आणि मराठी नोंदीवरून इंग्रजीत आलेली स्पेलिंगे वेगळी. खानापूर तालुक्यातील एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे कागदावर दोन तऱ्हेची असणे आमच्याकडे नवलाचे नाही. सरकारचा वाटा आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होत असल्याने हे सगळे जुळणे आवश्यक असते. म्हणून मुलाखतीच्या दिवशी आम्ही प्रथम गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक ही तीन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहतो, आणि ज्याचे जुळत नाही त्याला आधी आधार केंद्रावर पाठवतो. ज्या बँकेत खाते आहे असे मुलगा सांगतो, तिच्याऐवजी शिष्यवृत्तीसाठी शाळेत असताना उघडलेले दुसरेच खाते आधारशी जोडलेले निघते, हेही पाहून घ्यावे.

पैसे देण्याची पद्धत मुलांना आधी समजावून सांगावी. मालकाचा वाटा कारखान्याकडून बँकेत जमा होतो, त्याची नोंद पोर्टलवर करावी लागते, आणि सरकारचा वाटा त्या नोंदीवरून वेगळ्या दिवशी थेट येतो. पहिल्याच महिन्यात ‘सात हजार म्हणालात आणि साडेपाचच आले’ असे म्हणत मुलाचे वडील येण्याआधी हे सांगितलेले बरे. नियमाप्रमाणे मागच्या महिन्याचे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचे असते. नोंद उशिरा केली तर सरकारी वाटाही तेवढाच मागे पडणार, हे उघड आहे. त्यामुळे हे काम पगारपत्रकाबरोबरच, त्याच माणसाने, त्याच दिवशी उरकावे.

काही जण ही सगळी कामे मध्यस्थ एजन्सीकडे देतात. उमेदवार शोधणे, करार, नोंदी सगळे तीच पाहते आणि दर उमेदवारामागे दरमहा शुल्क घेते. कायद्याने अशा मध्यस्थांना मान्यता आहे आणि शंभर-दीडशे शिकाऊ घेणाऱ्या मोठ्या कारखान्याला ते सोयीचेही असेल. आमचा अनुभव चांगला नाही. बाहेरगावच्या एका एजन्सीने मुले वेळेवर पाठवली, शुल्काची बिलेही वेळेवर पाठवली, पण करार मात्र बराच काळ नोंदवलेच नव्हते. म्हणजे त्या काळात ती मुले कागदावर शिकाऊ उमेदवार नव्हतीच. आणि करार नसलेला ‘ट्रेनी’ हा भविष्यनिर्वाह निधीच्या आणि ईएसआयच्या दृष्टीने साधा कामगार ठरतो. तपासणी त्या काळात झाली असती तर फरकाची रक्कम आमच्याकडूनच वसूल झाली असती. अर्ध्या डझनापर्यंत उमेदवार असतील तर हे काम कारखान्यातील संगणक येणाऱ्या कोणत्याही माणसाने करावे, एजन्सीचे शुल्क त्याच मुलांच्या विद्यावेतनात घालावे, हे माझे ठाम मत आहे. आणि एजन्सी नेमलीच, तर करार क्रमांक हातात पडल्याशिवाय मुलाला मशीनपाशी उभे करू नये.

एवढे सगळे झाल्यावर खरा खर्च सुरू होतो, आणि तो फोरमनच्या वेळेचा असतो. आमच्याकडे टर्निंगचे काम पाहणारे काका जुने, उद्यमबागेच्या बऱ्याच कारखान्यांत हात फिरलेले. पहिले आयटीआयचे मूल त्यांच्या हाताखाली दिले तेव्हा ते सरळ म्हणाले, ‘मालक, ह्याला शिकवत बसलो तर माझा जॉब कोण काढायचा? बघा की तुम्हीच.’ त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फोरमनला उत्पादनावर इन्सेन्टिव्ह असतो, आणि शिकवण्यात गेलेला तास त्याच्या खिशातून जातो. शेवटी आम्ही त्यांच्या इन्सेन्टिव्हच्या हिशेबातून रोजचा ठरावीक वेळ शिकवण्यासाठी बाजूला काढला आणि त्या वेळेचा सरासरी दर त्यांना देऊ केला. योजनेत यासाठी एक पैसाही मिळत नाही, पण हे केले नाही तर बाकीची सगळी योजना कागदावरच राहते. शिकाऊ उमेदवाराला मात्र कोणत्याही परिस्थितीत नगावर पैसे द्यायचे नसतात किंवा उत्पादनाच्या बोनसमध्ये ओढायचे नसते. कायद्याला ते मान्य नाही. ओव्हरटाइमही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीखेरीज देता येत नाही. महिनाअखेरीस डिस्पॅच अडला की याच दोन नियमांकडे सगळ्यांत आधी डोळेझाक होते.

शिकवणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. आयटीआयहून आलेल्या मुलाला मायक्रोमीटर वाचता येतो, पण धरता येत नाही. तो थिंबल (मायक्रोमीटरची फिरती नळी) घट्ट पिळतो, त्यामुळे पंचवीस मिलिमीटरच्या शाफ्टवर दोन शतांशांची चूक सहज येते आणि चांगला जॉब रिजेक्टच्या ट्रेमध्ये जातो. काकांनी एका मुलाला रॅचेटचा आवाज ऐकायला शिकवले : तीन वेळा टक-टक-टक आणि थांब. मग तोच शाफ्ट त्यांनी स्वतः मोजला, मुलाकडून मोजवला, तपासणी विभागाकडून मोजवला आणि तिन्ही आकडे फळ्यावर लिहून ठेवले. आकडे जुळेपर्यंत त्या मुलाला सीएनसीच्या ऑफसेटला, म्हणजे मापाच्या दुरुस्तीच्या आकड्यांना, हात लावू दिला नाही. हा खर्च कोणत्याही पोर्टलवर भरता येत नाही. या कामाची नोंद उमेदवाराने रोजच्या वहीत करायची असते आणि ती फोरमनने तपासायची असते. ही वही बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत भरली जाते. आम्ही ती मराठी, कन्नड किंवा इंग्रजी, ज्या भाषेत मुलाला सुचेल त्या भाषेत लिहायला सांगतो, आकृती मात्र काढायलाच लावतो. आकृती नक्कल करून काढलेली असेल तर काकांना ती लगेच ओळखू येते.

मुलींविषयी थोडे. सीमाभागातील मुली आयटीआयला कमी असल्या तरी पदविकेला पुष्कळ असतात, आणि तपासणी विभागात, सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर, ड्रॉइंग पाहण्यात त्यांचे काम आमच्याकडे चोख आहे. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्याच्या साध्या बसमध्ये महिलांना तिकीट नाही. येळ्ळूर, खानापूर, कित्तूर अशा ठिकाणांहून येणाऱ्या मुलीच्या विद्यावेतनातून प्रवासखर्च जात नाही, हा तिच्या दृष्टीने छोटासा पगारवाढीसारखाच भाग झाला. कर्नाटकाबाहेरच्या मुलीला मात्र ही सवलत नाही. कारखान्याने शेवटच्या बसच्या वेळेला धरून शिफ्ट ठेवली पाहिजे, आणि स्वच्छतागृह आधी बांधले पाहिजे, जाहिरात नंतर द्यावी.

मुले मध्येच सोडून जातात, ही सगळ्यांचीच तक्रार आहे. पुण्याला, गोव्यातील वेर्ण्याला, कागलला, किंवा इकडेच हत्तरगीच्या विमान-भागांच्या वसाहतीत जरा बरी संधी दिसली की मुलगा जातो. कायद्यात दोन्ही बाजूंना बंधन आहे. मालकामुळे करार मोडला तर त्याने तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई द्यायची, आणि उमेदवाराने मोडला तर त्याच्याकडून प्रशिक्षणाचा खर्च मागता येतो. पण सात हजारांच्या मुलाकडून खर्च वसूल करत बसणे शहाणपणाचे नाही, आणि आम्ही ते कधी केले नाही. गैरहजेरीचे कारण मात्र समजून घ्यावे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातली मुले पावसाळ्यात भातलावणीला घरी राहतात, आणि गावची यात्रा आली की सुट्टी मागतात. वर्षाच्या सुरुवातीलाच या दिवसांची यादी करून रजा ठरवून टाकली की बेपत्ता होण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. लावणीच्या आठवड्यात हजेरीसाठी भांडून कोणीही जिंकलेले मी पाहिलेले नाही.

करार संपल्यावर नोकरी देणे कायद्याने मालकावर बंधनकारक नाही; मात्र नोकरीविषयी आपले धोरण मालकाने ठरवलेले असावे, एवढी अपेक्षा आहे. ते धोरण आम्ही पहिल्याच दिवशी लेखी देतो : परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांपैकी जागा असेल तितक्यांना आधी विचारणा. अशा मुलांतून उभे राहिलेले सेटर (मशीन कामासाठी लावून देणारे कारागीर) आज आमच्याकडे आहेत आणि बाहेरून आणलेल्या अनुभवी माणसापेक्षा त्यांचा हात आमच्या जॉबवर चांगला बसलेला असतो. योजनेचा खरा परतावा तो. ज्या मालकाला केवळ वर्षभर स्वस्त हात हवे आहेत, त्याला मी ही योजना घेऊ नका असेच सांगेन. शिकण्याच्या काळातले रिजेक्शन, फोरमनचा वेळ, विमा आणि नोंदी धरल्या तर तो हात स्वस्त पडत नाही. ज्याला दोन-तीन वर्षांनी मशीनवर कोण उभे राहणार याची काळजी आहे, त्याच्यासाठी मात्र योजनेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि पदविकाधारकांसाठी नॅट्सला चार.

पंधराशेची मर्यादा वाढेपर्यंत आम्ही आयटीआयच्या मुलांना किमान दरापेक्षा हजार रुपये जास्त देतो. त्यावर सरकारचा वाटा वाढत नाही, सगळे आमच्याच खात्यातून जातात. पण त्या हजारात खानापूरचा मुलगा शहरात चौघांमध्ये मिळून खोली घेऊ शकतो, आणि सकाळच्या शिफ्टला वेळेवर मशीनपाशी असतो.